धरले किती, सोडले किती

सेलूकर मॅडमच्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "मॅडम आयुष्यात एकदाही खोटं बोलल्या नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत बंद पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो. शेजारच्यांनी हलवली म्हणून मीही मान हलवली. पण मॅडमची दोन खोटी मला पक्की माहीत आहेत. दोन्ही एकाच दुपारची, एकाच ताटावरची, आणि त्यांतलं पहिलं तर त्यांनी ह्याच प्राचार्यांच्या तोंडावर सांगितलं होतं.

मॅडम स्वतः तिथं असत्या तर ते वाक्य त्यांनी सहजासहजी जाऊ दिलं नसतं. "एकदाबी न्हाई म्हणायलात, पण तपासलं कुणी, सर?" असं विचारून त्यांनी स्वतःच्या शोकसभेचा विचका केला असता. बाकीच्यांच्या सभांचा त्या करतच आल्या होत्या.

मॅडम परभणीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून तिथल्याच दोन खोल्यांत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. अंगानं काटकुळ्या, सुती साडी, पदराला पिन, आणि चालणं असं की मागून बघणाऱ्याला वाटावं, बाईंची बस सुटायला आलीय. शिक्षण बाहेर झालं, परिषदांसाठी मोठमोठ्या शहरांत जाऊन आल्या, पण बोली सेलूची ती सेलूचीच राहिली. एका सहकाऱ्यानं एकदा आडून सुचवलं की व्यासपीठावर तरी प्रमाण भाषा बोलावी. मॅडम म्हणाल्या, "बोलते की. पण तुमच्या प्रमाण भाषेतलं किती पोरांना समजतंय, ते आधी मोजून आणा." तो बिचारा अजून मोजतोय.

आमची गाठ पडली ती तापामुळं. मी इथं दवाखाना चालवतो. पाऊस लागला की माझ्या बाकड्यावर जागा मिळत नाही, आणि येणारा बहुतेक जण आजार घरूनच ठरवून आणतो. "डॉक्टर, थोडा टायफॉईड वाटायलाय." थोडा टायफॉईड हा आजार वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात नाही, परभणीत घरोघर आहे. बोटातून रक्त काढायचं, पट्टीवर टाकायचं, रेघ उमटली की टायफॉईड 'निघाला'. निघाला की सलाईन. सलाईन लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पाव्हणे सफरचंदं घेऊन यायला मोकळे होतात.

मॅडम तापानं फणफणत आल्या होत्या. मी सवयीनं पट्टीची चिठ्ठी लिहून पुढं सरकवली. त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "ही पट्टी असलेल्यातले किती धरते?"

"काय म्हणालात?"

"ज्यांना खरंच टायफॉईड हाय, त्यातले किती धरते? आन ज्यांना न्हाई, त्यातले किती सोडते? दोन्ही सांगा."

बाहेर बाकडं भरलेलं. मी म्हणालो, "चांगली आहे पट्टी. सगळे हीच वापरतात."

"सगळे वापरतेत हे तिसरंच झालं," त्या म्हणाल्या. "मी दोन इचारले."

मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं ती पट्टी मी लिहीत होतो, पण असं कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमचा ताप आपला आपण उतरला, माझ्या डोक्याला मात्र ताप झाला. मी जुनी पुस्तकं काढली, चाळली, आणि हाती फारसं काही लागलं नाही हे त्यांना कबूल करून टाकलं. त्या खूश झाल्या. पुढं बाकडं रिकामं असलं की दुपारच्या त्या येऊन बसायला लागल्या. मी चहा मागवायचा आणि त्यांनी माझी अक्कल काढायची, असा आमचा रिवाज पडला.

धरले किती, सोडले किती. जगातली कुठलीही गोष्ट त्या ह्या दोन प्रश्नांनी मापायच्या. एसटीत तिकीट तपासणारा चढला की त्याला विचारायच्या, "फुकटे किती धरले ते तुमी सायबाला सांगताल. तिकीट असून ज्यांना घाम फोडला, ते कोण सांगायचं?" एखादी बाई सांगायला लागली की मी मुलगी बघताक्षणी ओळखते, तर मॅडम म्हणायच्या, "ज्या तुमी नापसंत केल्या, त्या पुढं कशा निघाल्या हे बघायला गेल्ता का?" ती बाई मग दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायची. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण त्यांची फार लाडकी. "आपल्या लोकांनी एका ओळीत दोन्ही चुका सांगितल्यात, डॉक्टर. तुमच्या पुस्तकाला त्याच्यासाठी आख्खा धडा लागतोय." 'शितावरून भाताची परीक्षा' मात्र त्यांना खपत नसे. भात आधी तळापासून हलवलाय का, हे ती म्हण सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे त्यांच्यात वडिलांकडून आलेलं. वडील सेलूच्या कापूस बाजारात एका व्यापाऱ्याकडं माल पारखायला होते. गाडी येऊन उभी राहिली की वरचा कापूस पांढराशुभ्र. वडील बाही सारून थेट खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि तळाचा मूठभर ओढून काढायचे. तिथं कवडी म्हणजे किडका पिवळट कापूस, ओल, पाला, सगळं असायचं. लेकीला म्हणायचे, "पोरी, वरचा कापूस कोणबी चांगलाच ठिवतंय. भाव तळाचा बघून करावा." मॅडमच्या डिग्र्या नंतरच्या. त्यांचं मूळ शिक्षण ते एवढं.

त्यांचं स्वतःचं काम काय, तर एकाच तपासणीवर वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत झालेले अभ्यास गोळा करायचे आणि ते सगळे मिळून काय म्हणतात ते काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? सगळ्यांची सरासरी काढायची." मॅडमनी कप खाली ठेवला. अर्धा चहा ठेवून कप खाली आला की समजायचं, आता आपली धडगत नाही.

"वसतिगृहाच्या गल्लीत दोन कुत्रे हायत," त्या म्हणाल्या. "एक वकिलाचं. ते पान हललं तरी भुंकतंय. चोर एकबी सुटायचा न्हाई त्याच्यातून, पण पाव्हणाबी सुटत न्हाई आन पोस्टमनबी न्हाई. दुसरं बँकवाल्याचं. ते पक्की खात्री झाल्याबिगर तोंड उघडत न्हाई. पाव्हण्याला तकलीफ न्हाई, पण चोर आरामात आत जातेत. आता दोघाची सरासरी काढा. अर्धं भुंकणारं कुत्रं निघालं. असं कुत्रं बघितलंय का तुमी?"

मी नाही म्हणालो.

"नाक दोघाचं सारखंच असंल. फरक नाकाचा न्हाई, कधी भुंकायचं ह्याचा हाय. अभ्यासाचंबी असंच. एक जण पुसट रेघ दिसली तरी हाय म्हणतोय, दुसरा ठळक दिसल्याबिगर म्हणत न्हाई. धरायचा आकडा वर गेला की सोडायचा खाली येतोय. ती बैलजोडी हाय, डॉक्टर. जोडी फोडायची न्हाई. दोन्ही आकडे संगं चालवायचे आन मंग बघायचं, सगळे अभ्यास मिळून कुठल्या वाटंनं जायलेत."

ह्याशिवाय त्यांची झडती वेगळी. अभ्यास कुणावर केला, रोग खरा की खोटा हे कशावरून ठरवलं, असं त्या प्रत्येक लेखाला खोदून विचारायच्या. आणि ज्या संशोधकानं गैरसोयीचा निकाल आला म्हणून तो छापलाच नाही, कपाटात टाकला, त्याच्यावर तर त्यांचा खास राग. एरवी त्यांचा आवाज चढत नसे, तिथं चढायचा. "हे तळाचा कापूस झाकणारे लोक! ह्यांच्यापायी आख्खी गाडी खोटी होते. चुकला त्याला मी माफ करीन, झाकला त्याला न्हाई." हे वाक्य त्या दर दोन भेटींआड म्हणायच्या, आणि मी दर वेळी चहा पुढं सारायचो.

आता गयाबाई. ही ताडकळसची, वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकरी करायची. नवरा वारलेला, मुलगा-सून गावी, ही इथं मेसमागच्या खोलीत. हातावर थापलेली ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, मॅडम वर्षानुवर्षं हेच जेवत आल्या. पण कौतुक करतील तर शपथ. "गयाबाईची भाकर परभणीत एक नंबर," असं कुणी म्हटलं की मॅडम विचारायच्या, "बाकीच्या खाल्ल्यात का?" गयाबाई तव्याकडचं तोंड न वळवता म्हणायची, "मॅडम, गुमान खावा." मॅडमला गुमान म्हणणारं परभणीत दुसरं कुणी नव्हतं. आणि मॅडम गुमान खायच्या.

एका पावसाळ्यात वसतिगृहातल्या काही मुलींना ताप आला. पाण्याची टाकी उंचावर होती आणि गयाबाई हाताशी होती, त्यामुळं चौकशी मेसपासून सुरू झाली. प्राचार्यांनी मेसमधल्या सगळ्यांची पट्टी करायचा हुकूम काढला. बाकीच्यांच्या कोऱ्या आल्या, गयाबाईच्या पट्टीवर रेघ उमटली. तिला ताप नव्हता, पोटाची तक्रार नव्हती, ती रक्त देऊन येऊन पुन्हा भाकरीच थापायला बसली होती. पण रेघ ती रेघ. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. ताडकळसला ती पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सुनेनं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही.

दोन-चार दिवसांनी ती माझ्या दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टर सायेब, काम गेलं त्याची फिकर न्हाई. दुसरं बघीन. पण घरचं माणूस माझ्या हातचं पाणी घेईना की ओ. नातू जवळ आला तर त्याला वढून नेतेत." एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली.  मी कंपाउंडरला चहा सांगितला, तर ती कपाला हात लावेना. माझा कप बाटेल म्हणून.

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. मी वसतिगृहाचा मानद डॉक्टर, मानद म्हणजे फुकट, म्हणून बरोबर गेलो. प्राचार्यांनी पट्टीच्या डब्यातला कागद पुढं केला. पट्टी किती अचूक आहे त्याचा एक मोठा आकडा त्यावर ठळक छापला होता. "कंपनी खोटं कशाला छापेल, मॅडम?"

"खोटं न्हाई छापलं. वरचा कापूस छापलाय," मॅडम म्हणाल्या. "थोडे दिवस द्या मला."

त्या दिवसांत त्यांनी त्या पट्टीवरचे मिळतील तेवढे अभ्यास गोळा केले. मी ओळखीपाळखीतून लेख मिळवून द्यायचो, त्या ते झडती घेऊन ठेवायच्या. डब्यातल्या कागदावरचा आकडा ज्या अभ्यासातून आला होता, तोही सापडला. त्यात एका बाजूला दवाखान्यात आडवे पडलेले पक्के रोगी होते आणि दुसऱ्या बाजूला जिथं टायफॉईड दिसतच नाही अशा मुलखातले धडधाकट तरुण. मॅडम म्हणाल्या, "दिवस आन रात वळखली म्हणून शाबासकी दिलीय. आपल्याला तांबडं फुटताना सांगणारं पायजे." आमच्या भागात लहानपणापासून कुठलं कुठलं पाणी पिऊन माणसाच्या रक्तात जुन्या खुणा राहतात, आणि पट्टी त्या जुन्या खुणांवरही भुंकते, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. डॉक्टर मी होतो.

मग त्यांनी प्राचार्यांपुढं आलेख ठेवला. एकेक ठिपका म्हणजे एकेक अभ्यास. ठिपके खळ्यावर सांडलेल्या हरभऱ्यासारखे जिकडं तिकडं, आणि त्यांतून गेलेली एक वाकडी रेघ. प्राचार्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला.

"छान आहे. पण सगळं मिळून एक आकडा सांगा."

"एक आकडा न्हाई, सर."

"मग एवढी मेहनत कशासाठी केलीत?"

"एक आकडा न्हाई हे कळायसाठी."

प्राचार्य माणूस वाईट नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "हे बघा, मला वर उत्तर द्यावं लागतं. तुम्ही दोघं सही करून लिहून द्या की गयाबाईला टायफॉईड नाही. मी तिला उद्या कामावर घेतो." मी खिशातून पेन काढलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तसं लिहिता येत न्हाई. पट्टीवरून हाय म्हणता येत न्हाई, तसं न्हाईबी म्हणता येत न्हाई. शौचाची तपासणी लावा, तीबी पुन्हा पुन्हा." मी पेन परत खिशात ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एक 'न्हाई' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण ते बाईंच्या जिभेवर यायचंच नाही.

शौचाचा नमुना द्यायचा म्हटल्यावर गयाबाई लाजेनं अर्धी झाली, पण तिनं दिला, सांगितलं तितक्यांदा दिला. प्रत्येक वेळी काही निघालं नाही. आम्ही ते रिपोर्ट घेऊन गेलो. प्राचार्यांनी विचार केला. "म्हणजे पट्टी हो म्हणते, हे रिपोर्ट नाही म्हणतात. आपण मध्यम मार्ग काढू. तिनं धान्य निवडावं, भाजी आणावी. पिठाला हात लावू नये." थोडक्यात, गयाबाईला अर्धा टायफॉईड मंजूर झाला. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "घ्या. अर्धं भुंकणारं कुत्रं सापडलं."

पण त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी शेवटचा डाव टाकला. ही पट्टी आपल्याच भागातल्या धडधाकट माणसांना सोडते का, ते आपल्यावरच बघू. सगळ्या स्टाफनं रक्त द्यायचं. प्राचार्यांना कल्पना पसंत पडली. ते पहिले बसले, बोट पुढं करून फोटो काढून घेतला. रेघ उमटली. चांगली ठळक. त्यांच्यामागं बऱ्याच जणांच्या पट्टीवर उमटली. मॅडमच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता. धडधाकट माणसं ओळीनं धरली जात होती. पट्टी बिनकामाची, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण आंधळ्याला दिसलं असतं ते आमच्या स्टाफला दिसलं नाही. पट्टी खोटी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांना टायफॉईड निघाला. दुपारपर्यंत प्राचार्यांना अशक्तपणा वाटायला लागला. संध्याकाळी माझं बाकडं प्राध्यापकांनी भरलं. तुम्हाला काही झालेलं नाही, असं मी एकेकाला सांगितलं, तर सगळे नाराज होऊन उठले आणि पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं जाऊन सलाईन लावून आले. रसायनशास्त्राचा विभाग तर सगळाच्या सगळा आडवा झाला. मॅडम माझ्यासमोर डोकं धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पट्टीचा खोटेपणा दाखवायला गेले, आन आख्ख्या कॉलेजला टायफॉईड करून बसले."

न झालेल्या आजारातून बरं व्हायला वेळ लागत नाही. प्राचार्य लवकरच कामावर आले, आणि आता त्यांना स्वतःलाच टायफॉईड होऊन गेलेला असल्यामुळं नियम बदलला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला की माणूस निर्धोक. गयाबाईनंही तो त्याच पलीकडच्या डॉक्टरकडून करावा, मग तिला तव्यावर घेऊ. मॅडम भडकल्या. "न झालेल्या रोगाच्या गोळ्या खायच्या?"

"कामून भांडायलात, मॅडम?" गयाबाई म्हणाली. "गोळ्याच हायत की. घेते म्हणून सांगा." तिनं त्या घेतल्या का, हे मी पुढं कधी विचारलं नाही. कोर्स झाला असं सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि प्राचार्यांनी वर एक अट घातली. पावसाळा सरेपर्यंत वसतिगृहात कुणालाही ताप आला, मग ती मुलगी असो, कर्मचारी असो की रेक्टर, तर गयाबाई कायमची घरी. भाद्रपदात परभणीत कुणाला ताप येऊ नये, म्हणजे झालंच.

गयाबाई परत आली, पण मुली तिच्या भाकरीला हात लावेनात. भात घ्यायच्या आणि उठायच्या. भाकरी टोपल्यात तशीच राहायची, आणि गयाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच थापायची. तेव्हा मॅडमनी खोलीवर ताट मागवणं बंद केलं आणि त्या मेसमध्ये मुलींच्या पंगतीत येऊन बसायला लागल्या. मी त्यांना चिडवलं, "एका माणसानं खाल्ल्यानं काय सिद्ध होतं, मॅडम?"

"कायबी न्हाई. पण पोरी अभ्यास वाचत न्हाईत, डॉक्टर. शेजारचं ताट बघतेत."

आणि तसंच झालं. एका मुलीनं चतकोर घेतली, मग दुसरीनं. टोपल्याचा तळ दिसायला लागला. गयाबाई पुन्हा मॅडमला गुमान म्हणायला लागली.

अशात एका दुपारी मॅडम माझ्याकडं आल्या त्या दवाखान्याच्या मागच्या दारानं. तिथून फक्त कंपाउंडर आणि दूधवाला येतो. कपाळाला हात लावला तर चटका बसला. "कालपासून हाय," त्या म्हणाल्या. मी रक्त घेतलं, तपासायला नांदेडला पाठवायची सोय केली आणि झोपून राहायला सांगितलं.

"रजा टाकली की कळतंय सगळ्याला. उद्या प्राचार्य मेस बघायला यायलेत."

मी म्हणालो, "मॅडम, समजा हे गयाबाईच्या हातूनच आलेलं असलं तर?"

त्या मग म्हणाल्या, "असंल. तपासण्या कोऱ्या आल्यात, पण त्याबी सगळे धरत न्हाईत. न्हाई असं मला म्हणता येत न्हाई. म्हणून तर मागच्या दारानं आले." पदरानं तोंड पुसलं आणि जायला उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "हा तळाचा कापूस हाय, डॉक्टर. वर येऊ द्यायचा न्हाई."

 इतकी वर्षं ह्या बाईनं माझ्या डोक्याला ताप दिला, पण त्या दिवसाइतकी ती मला कधीच आवडली नव्हती.

तो ताप डेंग्यूचा होता. गयाबाईचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण हे कळलं नंतर. मी फोन करून सांगितलं, तर पलीकडून विचारलं, "ही तपासणी सोडते किती?" त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि सेलूला भावाकडं राहायला गेल्या. पुढं बोलणं व्हायचं ते फोनवर. गयाबाईनंही यथावकाश मेस सोडली. आता ती ताडकळसच्या बाजारात धपाटे विकते आणि लोक रांग लावून घेतात. म्हणून हे सगळं आता सांगायला हरकत नाही. पण त्या वेळी ताप कशाचा, हे मॅडमला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्य मला घेऊनच मेसमध्ये आले. पंगत बसलेली. मॅडम मधोमध, पाठ ताठ, गोळीनं ताप थोडा दाबलेला, केसांच्या मुळाशी घाम. ताटात भाकरी आणि आमटी. घास तोंडात फिरत होता, गिळवत नव्हता, हे माझ्यासारख्याला दिसत होतं. प्राचार्यांनी टोपल्यात डोकावून बघितलं, मुलींची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "काय मॅडम, कुणाला ताप वगैरे?"

मी चपलेकडं बघायला लागलो.

"न्हाई," मॅडम म्हणाल्या.

नुसतं न्हाई. किती जणींना विचारलं, कशानं मोजलं, किती सुटले असतील, काही नाही. एवढं छोटं उत्तर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. वर त्यांनी ताट पुढं सरकवलं. "गयाबाई, अजून अर्धी वाढा."

प्राचार्य समाधानानं निघून गेले. मुली हात धुवायला उठल्या. मॅडम बसून राहिल्या, त्यांच्यात उठायचं त्राण नव्हतं. मी दारात उभा होतो. ताटात ती अर्धी भाकरी तशीच. गयाबाई ताट उचलायला वाकली, तिचा हात मॅडमच्या हाताला लागला आणि ती होती तशी थांबली.

"मॅडम, हात लय तापलाय की ओ."

"भाकर गरम व्हती, गयाबाई."

गयाबाईनं ताटातल्या भाकरीवर बोटं टेकवून बघितलं. ती केव्हाच गार झाली होती. गयाबाई मॅडमच्या शेजारी खाली बसली आणि पदरानं त्यांना वारा घालायला लागली.